गालातला बार

पहाटे ५. फेब्रुवारी सरत आला, हळदीची काढणी जोरात आहे. सिद्धेश्वर धरणाजवळच्या गावातलं कुठलंही एक मजुराचं घर धरा. चूल पेटण्याआधी बाई मिश्री लावते, गडी तळहातावर तंबाखू मळतो. त्याशिवाय पोट साफ होत नाही, असं दोघंही सांगतात. निकोटिननं आतडी हलतात हे खरं, पण पहाटेची ही तल्लफ म्हणजे आधी रात्रभर निकोटिन न मिळालेल्या शरीराची मागणी असते. मिश्रीला तर औषधाचा मान! तंबाखू तव्यावर भाजली की तिच्यात बेंझोपायरीनसारख्या विषारी द्रव्यांची भर पडते, हे त्या माउलीला कुणी सांगितलेलं नसतं.

सकाळी ७. धरणाच्या कालव्याखालचं हळदीचं रान. कंद उकरायला वाकण्याआधी दुसरा बार. चुना लावल्यानं निकोटिन मोकळं होतं आणि गालाच्या अस्तरातून झपाट्यानं रक्तात जातं. तरतरी येते ती यामुळं. तंबाखू वाळवताना, मुरवताना तयार झालेली नायट्रोसमाइन्स त्याच वेळी लाळेत उतरत असतात. धूर नाही, मग धोका कसला, असं बांधावर सर्रास ऐकू येतं. २०१६-१७ च्या प्रौढ तंबाखू सर्वेक्षणात महाराष्ट्रात ओढणारे ३.८ टक्के होते, धूरविरहित तंबाखू वापरणारे २४.४ टक्के.

११ वाजता भाकरी. टोळीतल्या एका पोराला ठेचा झोंबतो, तोंड पुरतं उघडत नाही. तो गुटखा खातो. २०१२ पासून राज्यात बंदी आहे. पुडी तरीही मिळते. तंबाखू सोडून नुसती सुपारी चघळावी, हा सल्लाही नको. कर्करोग संशोधनाच्या आंतरराष्ट्रीय संस्थेनं दोन्ही पहिल्याच गटात, म्हणजे माणसात नक्की कर्करोग घडवणाऱ्यांत, टाकल्या आहेत.

दुपारी २. ऊन डोक्यावर, हात आपोआप खिशाकडे. पुडी घरीच राहिली असेल तर ही तल्लफ पाचदहा मिनिटांत ओसरते. पाणी प्यावं, ओवा चघळावा.

संध्याकाळी ६. आशाताई दारात.

"ताई, एकदम न्हाई सुटत बघा."

"मग रात्रीचा आधी सोडा."

मला हा सल्ला सगळ्यांत शहाणा वाटतो. रात्री ९ ला गालात धरलेला बार काहींच्या तोंडात पहाटेपर्यंत राहतो. झोपेत लाळ कमी सुटते आणि तंबाखू एकाच जागी तासन्‌तास टेकून असते. पांढरा चट्टा उठतो तोही बहुधा त्याच जागी. म्हणून बार किती वेळा भरला याबरोबर तो किती वेळ धरला, हेही मोजलं पाहिजे. अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठाच्या अभ्यासांत, वापर कमी केलेल्यांच्या लघवीत नायट्रोसमाइन्स या कर्करोगकारक द्रव्यांची खूण घटलेली दिसली. मात्र दोन बार कमी करून उरलेले जास्त वेळ धरले, तर पदरात थोडंच पडतं. पूर्ण सोडल्यावर निकोटिन दोनतीन दिवसांत जातं, ती खूण पुसायला काही आठवडे लागतात. चिडचिड, झोपमोड बहुतेक पहिल्या काही आठवड्यांतली. ती टळत नाही, पण टिकतही नाही.

कमी करणं ही पायरी आहे, मुक्काम नव्हे. तोंडातला चट्टा किंवा जखम दोन आठवड्यांत बरी झाली नाही, तर दवाखाना गाठा. आजचा रात्रीचा बार टाळा, पूर्ण सोडायची तारीख घरात सांगून टाका आणि तंबाखू सोडायला मदत करणाऱ्या १८००-११-२३५६ या मोफत क्रमांकावर फोन करा.