बोथकडे घर घेताय? भावाआधी गाव विचारा

‘घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून’ असे आपल्याकडे म्हणतात. हल्ली घर बांधण्यापेक्षा तयार घर घेण्याकडे लोकांचा कल आहे. पण दगदग काही कमी झालेली नाही. पूर्वी गवंड्यामागे धावावे लागे, आता कागदांमागे धावावे लागते.

बिदर, नांदेड आणि आदिलाबाद हे तिन्ही जिल्हे १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात होते. किनवट तर तेव्हा आदिलाबाद जिल्ह्यातच होते. पुढे राज्ये वेगळी झाली, पण सोयरिकी तुटल्या नाहीत. लेक-जावई बोथ-आदिलाबादकडे नोकरीला, व्यापाराला असतात आणि मग तिकडेच एखादे घर घ्यावे असे वाटू लागते. अशा घरांतून नेहमी विचारले जाणारे प्रश्न येथे घेतले आहेत.

सर्वांत आधी काय विचारावे?

भाव नव्हे, गाव. हे घर ‘एजन्सी’च्या, म्हणजे अनुसूचित क्षेत्राच्या गावात येते का, हा पहिला प्रश्न. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशात अशा गावांची नावे दिलेली आहेत. जुन्या बोथ तालुक्यातली काही गावे त्या यादीत आहेत, सगळी नाहीत. म्हणजे एक गाव यादीत आणि शेजारचे बाहेर, असेही असू शकते. तोंडी उत्तरावर विसंबू नका. तहसील कार्यालयात गावाचे नाव आणि सर्व्हे नंबर देऊन लेखी विचारा. उटनूरला एकात्मिक आदिवासी विकास संस्थेचे (आयटीडीए) कार्यालय आहे, तेथेही चौकशी करता येते.

गाव यादीत असेल तर काय?

मग बिगर आदिवासीला ते घर विकत घेता येत नाही. १९५९ चा जमीन हस्तांतरण विनियम १९६३ मध्ये तेलंगण भागाला लागू झाला आणि १९७० मध्ये तो अधिक कडक झाला. लोक त्याला ‘१/७० चा कायदा’ म्हणतात. अनुसूचित क्षेत्रातली स्थावर मालमत्ता फक्त आदिवासी व्यक्तीला किंवा केवळ आदिवासींच्या सहकारी संस्थेला देता येते. इतर कोणालाही दिली तर व्यवहार मुळातच रद्दबातल ठरतो.

येथे किनवटकडची मंडळी फसतात. महाराष्ट्रात आदिवासीची जमीन घेण्यासाठी जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते, हे त्यांना ठाऊक असते. म्हणून ‘परवानगी काढू’ असे ते धरून चालतात. तेलंगणात ही वाट नाही.

विकणारा स्वतः बिगर आदिवासी असेल तर?

तरीही नाही. विकणारा कोण आहे हे १९७० पासून गौण आहे, घेणारा आदिवासी हवा. शिवाय अशा गावात बिगर आदिवासीच्या ताब्यात असलेली मालमत्ता मूळची आदिवासीचीच, असे कायदा गृहीत धरतो. तसे नाही हे सिद्ध करण्याची जबाबदारी ताबेदारावर येते. हा कायदा घटनेला धरून आहे, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने १९८८ मध्ये दिला.

तीस वर्षांच्या घरपट्टीच्या पावत्या, विजेचे मीटर, पाचशेच्या स्टँपवरची नोटरी, यांपैकी कशानेही हा दोष जात नाही. ओळखीच्या आदिवासी माणसाच्या नावावर घेऊन आपण राहावे, हाही उपाय नव्हे. तो बेनामी व्यवहार होतो आणि तोही रद्दच ठरतो. त्यात त्या माणसाचीही फरफट होते.

कायदा एवढा कडक का, याचेही उत्तर जवळच आहे. निजामाच्या काळात गोंड-कोलामांच्या जमिनी सावकार व बाहेरून आलेल्यांच्या हाती गेल्या. १९४० मध्ये कोमरम भीम जोडेघाटला मारले गेले, ते याच जल-जंगल-जमिनीच्या लढ्यात. हा कायदा आपल्याला अडचणीचा वाटतो, पण त्यांच्यासाठी ते कुंपण आहे.

गाव यादीत नसेल तर कोणते कागद पाहावेत?

नावे वेगळी असली तरी कागद ओळखीचेच आहेत. आपले खरेदीखत, कन्नडमधले क्रयपत्र आणि तिकडची ‘रिजिस्ट्री’ एकच. महाराष्ट्रात सातबारा म्हणतात, बिदरला आणि आदिलाबादला मात्र आजही ‘पहाणी’. गावठाणाला तिकडे ‘ग्रामकंठम’ म्हणतात. अशा जागेला बहुधा स्वतंत्र सर्व्हे उतारा नसतो, म्हणून मागच्या खरेदीखतांची साखळी नीट तपासावी. जुने कागद उर्दूत असतात, ते वाचून घेतल्याशिवाय पुढे जाऊ नये.

बोजा प्रमाणपत्र, म्हणजे ईसी, अवश्य काढावे. तेलंगणात ती ऑनलाइन मिळते, पण १९८३ पासूनचीच. त्याआधीचे निबंधक कार्यालयात शोधावे लागते. ईसीत फक्त नोंदलेले व्यवहार दिसतात. तोंडी वाटणी, साध्या कागदावरचा बैनामा किंवा भावाभावांतला दावा तिच्यात दिसत नाही.

इसार देऊन साठेखत केले की घर आपले झाले का?

नाही. साठेखत म्हणजे विकण्याचे वचन. मालकी नोंदणीकृत खरेदीखतानेच येते. मुखत्यारपत्रावर घर विकल्याने मालकी मिळत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये स्पष्ट केले आहे. इसार चेकने किंवा बँकेतून द्यावा. वीस हजार किंवा त्याहून अधिक रोख घेणे आयकर कायद्याला चालत नाही.

सह्या कोणाकोणाच्या हव्यात?

घर वडिलोपार्जित असेल तर बहिणींच्याही. हिंदू एकत्र कुटुंबात मुलींना जन्माने हिस्सा देणारी दुरुस्ती आंध्र प्रदेशाने १९८६ मध्ये केली. महाराष्ट्र आणि कर्नाटकात ती १९९४ पासून आली आणि २००५ मध्ये सर्व देशात. वडील २००५ च्या आधी वारले असले तरी हक्क राहतो, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये सांगितले. ‘बहिणी काही म्हणणार नाहीत’ या भरवशावर घर घेऊ नये. त्यांना विचारावे आणि त्यांची सही घ्यावी.

खर्च किती धरावा?

तेलंगणात जुलै २०२१ मध्ये मुद्रांक, हस्तांतरण शुल्क आणि नोंदणी फी मिळून साडेसात टक्के झाली. नोंदणीपूर्वी त्या दिवशीचा दर विचारून घ्यावा. नोंदणीनंतर पंचायतीत किंवा नगरपालिकेत घराला आपले नाव लावून घेणे विसरू नये.

एवढे सगळे ध्यानात राहिले नाही तरी हरकत नाही. गावाबद्दलचे लेखी उत्तर हाती येईपर्यंत इसार देऊ नका, एवढे मात्र पक्के लक्षात ठेवा. बाकीच्या कागदांत उणीव निघाली तर वकील काही ना काही वाट काढू शकेल, पण गाव चुकले तर कोणताही वकील ते बदलून देऊ शकत नाही. आयुष्यभराची पुंजी घालायची आहे, तेव्हा दोन खेपा जास्त झाल्या तरी चालतील.