एका वाणामागे किती हात!

पैनगंगेच्या अल्याड आदिलाबाद, पल्याड यवतमाळ. दोन्हीकडे काळी माती आणि कापूस. कापसाचा नवा वाण एकटा पैदासकार ठरवत नाही. कीटकशास्त्रज्ञ झाडाचे वरचे, मधले, खालचे पान उलटून तुडतुडे मोजतो. रोगशास्त्रज्ञ पानांवरचे ठिपके पाहतो, तर धाग्याची लांबी-मजबुती प्रयोगशाळेत तपासतात. हा मेळ बसावा म्हणून १९६७ साली अखिल भारतीय समन्वित कापूस प्रकल्प सुरू झाला. चाचणीचा आराखडा ठिकठिकाणी एकच, तुलनेचे वाणही तेच. नाहीतर आकडे ताडणार कसे? वाणांना नावाऐवजी सांकेतिक क्रमांक देतात, ही मला सर्वांत मोलाची गोष्ट वाटते: आपला-परका भेद उरत नाही. शेतकरी बंधूंनो, बियाणे घेताना आपल्या भागासाठी त्याची शिफारस आहे का, एवढे जरूर विचारा.