थोडक्यात गोडी – लेखांक ६ : पेन्शनीतला हिवाळा

गेल्या आठवड्यात आपण ईपीएस-९५ या कर्मचारी पेन्शन योजनेचं गणित मांडलं. पेन्शनपात्र पगार ६,५०० रुपये आणि सेवा ३३ वर्षं धरली, की गुणाकाराला ७० ने भागून हाती येतात महिना ३,०६४ रुपये. नोव्हेंबर १९९५ मध्ये सुरू झालेल्या या योजनेत महागाई भत्ता नाही. सप्टेंबर २०१४ पासून किमान पेन्शन ठरली ती १,००० रुपये. कुर्ल्यापासून मुलुंडपर्यंत एल. बी. एस. मार्गाच्या दुतर्फा एकेकाळी कारखान्यांचे भोंगे वाजायचे. त्या कारखान्यांत हयात घालवलेली कितीतरी माणसं आज घाटकोपरच्या भटवाडीत, पंतनगरात, असल्फ्यात अशाच आकड्यांवर घर चालवतात. कुणाला मुलांचा हातभार असतो, कुणाला नसतो. भाजीची पिशवी मात्र रोज भरावी लागते.

या पिशवीला वर्षातून एकदाच थोडी सवलत मिळते, ती आत्ता. मुंबईची थंडी ती काय, असं पुणेकर म्हणतात आणि ते खोटंही नाही. सांताक्रूझ वेधशाळेतला नीचांक आहे ७.४ अंश, तोही २२ जानेवारी १९६२ चा. एरवी जानेवारीत पहाटे सोळा-सतरा अंश झाले तरी आपण मफलर शोधतो. पण मुंबईत थंडी अंगाला कमी आणि बाजाराला जास्त लागते. पावसाळ्यात शेतातच सडणारी, टेम्पोत कुजणारी पालेभाजी आता नाशिक-पुण्याकडून टवटवीत येते आणि भरपूर येते. मेथी, मुळा, पालक, गाजर, फ्लॉवर, मटार, पावटे, तुरीच्या शेंगा, सोलाणे सगळं एकदमच उतरतं, आणि ऑगस्टमध्ये हात लावता न आलेली मेथीची जुडी परवडायला लागते. ओल्या फडक्यात गुंडाळली तर हीच जुडी फ्रिजबाहेरही दुसऱ्या दिवसापर्यंत टिकते.

बाजाराला केव्हा जावं?

घाटकोपर स्टेशनच्या दोन्ही अंगांना भाजीचा बाजार भरतो. संध्याकाळी ऑफिस सुटल्यावर मेट्रोची आणि लोकलची गर्दी एकदम बाहेर पडते, तेव्हा भाव चढेच असतात. निवृत्त माणसाला घाई नाही, हीच त्याची मिळकत. एक तर सकाळी माल उतरल्यावर जावं, नाहीतर गर्दी ओसरल्यावर, टोपल्या आवरायच्या वेळी. तेव्हा उरलेल्या भाजीचे वाटे लागतात. वाटा घेताना वरची चार वांगी बघून भुलू नये, खालची हाताने उलटून पाहावीत. मुळा पाल्यासकट घ्यावा, कारण मुळ्याची कोशिंबीर आणि पाल्याची मूगडाळ घालून भाजी, असे एका खरेदीत दोन पदार्थ होतात.

मटारचंही तसंच. किलोभर शेंगा सोलल्या की जवळजवळ निम्मं वजन सालांचं निघतं, आणि आपण ते सरळ केराच्या डब्यात टाकतो. साल कोवळी असेल तर ती उलटी धरून देठाकडचं टोक आतल्या बाजूला मोडावं आणि हलकेच ओढावं. आतला कागदासारखा पापुद्रा अख्खा सुटून येतो. उरलेली हिरवी साल बारीक चिरून, बटाट्याच्या फोडी घालून, मोहरी-हिंगाच्या फोडणीवर वाफवली आणि शेवटी चमचाभर बेसन पेरलं, की दोघांची एका वेळची भाजी होते. पापुद्रा निघत नसेल तर साल जून आहे, तिच्या नादी लागू नये.

डाळीवर कात्री नको

पैसे कमी पडू लागले की वयस्क जोडपी सर्वात आधी डाळ पातळ करतात. मग एका वेळचं जेवण चहा-खारीवर किंवा भात-लोणच्यावर भागतं. पोट भरतं, पण अंगातलं बळ उतरतं. साठीनंतर स्नायू आपोआप झिजत असतात. त्यात प्रथिनं कमी पडली की पायांतली ताकद जाते आणि जिना चढताना, न्हाणीघरात तोल जातो. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या हिशोबाने दर किलो वजनामागे दिवसाला ०.८३ ग्रॅम प्रथिनं हवीत. म्हणजे ६० किलोच्या माणसाला ५० ग्रॅमच्या आसपास. ३० ग्रॅम कोरड्या डाळीतून सात ग्रॅम मिळतात, एका अंड्यातून सहा. पोळी-भाकरी आणि दूध-दही काही वाटा उचलतात, पण दोन्ही वेळच्या ताटात घट्ट डाळ, उसळ किंवा अंडं असल्याशिवाय बेरीज जमत नाही.

हिवाळ्यात ही बेरीज सोपी होते. ओल्या पावट्यांची आमटी, तुरीच्या दाण्यांची उसळ, सोलाण्यांची आमटी यांना डाळीचंच बळ आहे. कोकणातल्या घरांत कुळथाची पिठी थंडीत हमखास होते, आणि कुळथात शंभर ग्रॅमला बावीस ग्रॅमच्या आसपास प्रथिनं असतात. खाणाऱ्यांनी चिरागनगरच्या मासळीबाजारातून जवळा किंवा सुकट आणावी. मूठभर जवळा कांद्यावर परतला की भाकरीबरोबर दोघांना पुरतो. रक्तदाब असेल तर सुकट दोन-तीन पाण्यांनी धुवावी आणि वरून मीठ घालू नये. मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी मात्र प्रथिनं डॉक्टरांना विचारूनच वाढवावीत. वॉरफरिनसारखी रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, तर स्वस्त झाली म्हणून पालेभाजी एकदम वाढवू नये.

बाजरीचं पीठ कडू का होतं?

थंडी आली की बाजरी हवीच. पण पाच किलो एकदम दळून आणली तर शेवटच्या भाकऱ्या कडवट लागतात आणि गिरणीवाल्याला बोल लावला जातो. दोष त्याचा नसतो. बाजरीत गव्हा-तांदळापेक्षा तेलाचा अंश जास्त. दाणा अख्खा असतो तोवर हे तेल सुरक्षित राहतं. दळलं की दाण्यातलेच विकर तेलापर्यंत पोचतात, त्याला हवा लागते आणि काही दिवसांत पीठ खवट होतं. म्हणून बाजरी साठवायची ती दाण्याच्या रूपात, आणि गिरणीवर न्यायची आठवड्याला पुरेल एवढीच.

भाकरी तुटते त्यालाही कारण आहे. गव्हात ग्लूटेन असल्यामुळे कणीक चिवट होते, बाजरीत ते नाही. म्हणून पीठ कढत पाण्याने भिजवायचं. उष्णतेने पिठातला स्टार्च फुगून चिकट होतो आणि भाकरीला धरून ठेवतो. एका वेळी एकाच भाकरीचं पीठ घेऊन तळहाताने रगडून मळावं. हात दुखत असतील तर प्लास्टिकच्या कागदावर थापावी, त्यात कमीपणा नाही.

काटकसर करायची ती गॅसवर

कुकरमध्ये दाबामुळे पाणी १२० अंशांच्या आसपास जाऊन उकळतं. एकदा शिट्टी झाली की आच मोठी ठेवून आतलं तापमान वाढत नाही, फक्त वाफ आणि पैसा बाहेर जातो. तेव्हा पहिल्या शिट्टीनंतर गॅस बारीक करावा. कुळीथ, हरभरे, चवळी रात्रभर भिजवावेत. खाली डाळ, वर भात आणि झाकणीवर दोन बटाटे, असा एकच कुकर लावावा. सकाळचं वरण उरलं तर संध्याकाळी त्यातच कणकेच्या चकत्या सोडून वरणफळं करावीत. पोळ्या लाटायला नकोत, भाजी वेगळी नको, आणि थंडीत गरम गरम एकाच ताटलीत जेवण होतं.

भोगी आणि उंधियू

घाटकोपर हे गुजराती वस्तीचंही गाव. उत्तरायणाच्या सुमारास फरसाणवाल्यांकडे किलोवर उंधियू विकला जातो आणि त्यासाठी सुरती पापडी, ओला लसूण, छोटी वांगी, कंद बाजारात ढिगाने येतात. संक्रांतीच्या आदल्या दिवशी आपली भोगी. पावटे, वांगी, गाजर, हरभरे, बोरं आणि तिळाचं कूट घातलेली भाजी, सोबत तीळ लावलेली बाजरीची भाकरी. दोन्ही पदार्थांची मंडई एकच, पण उंधियूला तेल सढळ लागतं, भोगीची भाजी चमचा-दोन चमच्यांत होते. पावट्या-वांग्यांची आवक असते तोवर ही भाजी जानेवारीभर करावी, सणाची वाट कशाला बघायची? तिळात कॅल्शियम भरपूर असतं, म्हणून भाजीत कूट पडू द्यावं. गुळाला मात्र साखरेइतकंच जपावं; मधुमेहाला गूळ आणि साखर सारखेच.

शेवटी फिरण्याबद्दल. हिवाळ्यात वारा पडलेला असतो आणि थंड हवा जमिनीलगत साचते, त्यामुळे पूर्व द्रुतगती मार्गाचा धूर आणि बांधकामांची धूळ पहाटे खालीच तरंगते. दम्याच्या माणसांनी काळोखात बाहेर पडू नये. ऊन वर आल्यावर जावं आणि येताना भाजी आणावी. तहान लागत नाही म्हणून पाणी कमी करू नये.

पुढच्या आठवड्यात औषधांच्या खर्चाकडे वळू. तोवर या वयाच्या आई-वडिलांपासून वेगळं राहणाऱ्या मुला-मुलींना एक विनंती. संक्रांतीला भेटायला जाताना मिठाईचा डबा नेऊ नका. दोन किलो तूरडाळ, किलोभर मूग आणि डझनभर अंडी न्या, आणि त्यांच्याबरोबर बसून जेवा.