प्रोग्राम बरोबर आहे, हे कशावरून?



सॉफ्टवेअर अभियांत्रिकीची एक विद्वत्परिषद आहे. तिथे गेली पन्नास वर्षं कशाचा अभ्यास चाललाय आणि त्याचा आपल्याशी काय संबंध, हा आजचा विषय. तत्त्वज्ञानाच्या माणसानं यात का पडावं, असं तुम्हाला वाटेल. कारण सरळ आहे. त्या परिषदेत जो प्रश्न घोळतोय तो आमचाच जुना प्रश्न आहे. एखादी गोष्ट बरोबर आहे, हे आपल्याला कशावरून कळतं? आमच्याकडे याला प्रमाणविचार म्हणतात. संगणकवाले त्याला व्हेरिफिकेशन म्हणतात.

आधी थोडा इतिहास. ऑक्टोबर १९६८ मध्ये, तेव्हाच्या पश्चिम जर्मनीतल्या गार्मिश या गावी नाटोच्या विज्ञान समितीनं एक बैठक बोलावली. माणसं पन्नासच्या आसपास. यंत्रं दरवर्षी मोठी होत होती, पण त्यांच्यावर चालणारे प्रोग्राम वेळेत पुरे होत नव्हते, खर्च हाताबाहेर जात होता, आणि तयार झालेले भरवशाचे नव्हते. बैठकीला नाव दिलं ‘सॉफ्टवेअर इंजिनिअरिंग’. हे नाव मुद्दाम डिवचण्यासाठी निवडलं होतं, असं त्या बैठकीच्या अहवालातच लिहिलंय. म्हणजे पूल बांधणाऱ्याकडे जी शिस्त असते ती तुमच्याकडे कुठे आहे, असं विचारायचं होतं.

पुढच्या वर्षी रोमला दुसरी बैठक झाली. तिथे डच शास्त्रज्ञ डायक्स्ट्रा यांनी एक मुद्दा मांडला, तो आजही प्रत्येक वर्गात शिकवतात. चाचणीतून चूक आहे हे दाखवता येतं, चूक नाही हे दाखवता येत नाही. आमच्या विषयातल्या लोकांना इथे पॉपर आठवेल. हजार पांढरे हंस पाहिले म्हणून सगळे हंस पांढरे ठरत नाहीत, पण एक काळा दिसला की विधान पडतं.

मग १९७५ साली वॉशिंग्टनला या विषयाची पहिली नियमित परिषद भरली. तेव्हा ती अमेरिकेपुरती होती. पुढच्या खेपेपासून ती इंटरनॅशनल कॉन्फरन्स ऑन सॉफ्टवेअर इंजिनिअरिंग झाली. जाणकार तिला ‘इक्सी’ म्हणतात. आपल्याकडे परिषद म्हटलं की हारतुरे, उद्घाटन आणि जेवण डोळ्यांसमोर येतं. इथे तसं नाही. संगणकशास्त्रात परिषदेतल्या निबंधाला नियतकालिकातल्या लेखाइतकाच मान असतो. निबंध तीन-चार परीक्षक वाचतात आणि बहुतेक वर्षी चार-पाचांतला एकच निवडला जातो. शिवाय एक चांगली प्रथा आहे. दहा वर्षांपूर्वीच्या परिषदेतल्या कोणत्या निबंधाचा प्रभाव सर्वांत जास्त टिकला, हे बघून त्याला पुरस्कार देतात. टाळ्या त्याच दिवशी मिळतात, पण निकाल दहा वर्षांनी लागतो. आपल्या विद्यापीठांनी हे उचलायला हरकत नाही.

आता तिथले विषय बघू. सगळे सांगत बसलो तर रात्र होईल. मी तीन निबंध घेतो.

पहिला डेव्हिड पार्नास यांचा, १९७८ चा. प्रोग्राम पुढे वाढवता आणि कमी करता यावा म्हणून तो कसा रचावा, हा त्याचा विषय. जुनं घर आठवा. भिंत काढायला गेलो की कळतं, वरची तुळई तिच्यावरच टेकलीय. पार्नास म्हणतात, कोणता भाग कोणावर टेकणार हे आधी ठरवा आणि लिहून ठेवा. आणि बदल येणारच, हे धरून चाला. आज मोबाइलमधल्या एखाद्या ॲपचा एक भाग बदलतो आणि बाकीचं ॲप चालू राहतं, त्यामागे या विचारपरंपरेचा मोठा हात आहे.

दुसरा मार्क वायझर यांचा, १९८१ चा, प्रोग्रामच्या ‘स्लाइस’बद्दल. स्लाइस म्हणजे काप. सोसायटीच्या हिशेबात अखेरची शिल्लक चुकली, तर चांगला कारकून अख्खी किर्द पहिल्यापासून वाचत नाही. त्या आकड्यावर ज्या नोंदींचा परिणाम झाला तेवढ्याच मागे मागे तपासत जातो. वायझर यांनी हेच प्रोग्रामच्या बाबतीत केलं. एखाद्या ओळीतली एक किंमत घ्यायची आणि तिच्यावर परिणाम करू शकणाऱ्या ओळी तेवढ्या यंत्रानंच कापून वेगळ्या काढायच्या. प्रोग्रामर चूक शोधताना मनातल्या मनात असंच करतात, हेही त्यांनी प्रयोगानं दाखवलं. लाखो ओळींचे प्रोग्राम तपासणाऱ्या साधनांत ही कल्पना मुरलेली आहे.

तिसरा निबंध मला सर्वांत जवळचा. मायकल जॅक्सन यांचा, १९९५ चा. हे गाणारे नव्हेत, इंग्लंडचे संगणकतज्ज्ञ. निबंधाचं नाव ‘द वर्ल्ड अँड द मशीन’, म्हणजे जग आणि यंत्र. ते म्हणतात, आपली गरज जगात असते, यंत्रात नसते.

आपल्याकडचं उदाहरण घ्या. विहिरीवरच्या मोटरीला ऑटो स्टार्टर बसवतात. रात्री दोनला लाइट आली तरी मोटर आपोआप चालू होते. इथे तीन वाक्यं वेगळी करा. पहिलं, पिकाला पाणी मिळावं. ही गरज, आणि ती शेतात आहे. दुसरं, वीज आली की मोटर चालू कर. हा यंत्राला दिलेला हुकूम. तिसरं, विहिरीत पाणी आहे आणि पाइप फुटलेला नाही. हे जगाबद्दल आपण धरून चाललेलं गृहीतक. दुसरं आणि तिसरं मिळून पहिलं साध्य होतं. चैत्रात विहीर कोरडी पडली की तिसरं वाक्य खोटं होतं. स्टार्टरनं हुकूम तंतोतंत पाळला, तरी पीक वाळलं आणि मोटरही जळाली. मग स्टार्टर बरोबर की चूक? या प्रश्नाला नुसतं ‘बरोबर’ किंवा ‘चूक’ हे उत्तर पुरत नाही.

इथे आपल्या न्यायदर्शनाची मदत होते. जिथे धूर तिथे अग्नी, हे सगळ्यांना माहीत आहे. उलट म्हणता येईल का, जिथे अग्नी तिथे धूर? नाही. तापून लाल झालेल्या लोखंडात अग्नी असतो, धूर नसतो. धूर निघायला इंधन ओलं असावं लागतं. ही जी लपलेली अट, तिला नैयायिक ‘उपाधी’ म्हणतात. ज्यानं जन्मभर ओल्या लाकडाचीच चूल पाहिली, त्याला ही अट दिसतच नाही. त्याचा नियम त्याच्या घरात शंभर टक्के खरा असतो.

आता एरियान-५ ची गोष्ट बघा. ४ जून १९९६. युरोपचं नवं रॉकेट उडालं आणि सुमारे ४० सेकंदांत फुटलं. दिशा सांभाळणारा प्रोग्राम एरियान-४ वरून जसाच्या तसा आणलेला होता. तिथे तो वर्षानुवर्षं बिनचूक चालला होता. त्यात एक मोठी संख्या १६ बिटांच्या छोट्या जागेत बसवायची होती. त्या जागेत जास्तीत जास्त ३२,७६७ मावतात. एरियान-४ चा आडवा वेग सुरुवातीला कमी असायचा, म्हणून संख्या कधी ओसंडली नाही. एरियान-५ चा वेग जास्त होता, तिथे ओसंडली. ‘हा प्रोग्राम चालतो’ या नियमाची उपाधी होती एरियान-४ चा उड्डाणमार्ग. ओलं लाकूड. नवं रॉकेट म्हणजे तापलेलं लोखंड.

म्हणून मी म्हणतो, या परिषदेतले निम्मे निबंध उपाधी शोधण्याचे आहेत. शब्द वेगळे, काम तेच.

आता आपल्या देशाकडे येऊ. पुण्यात १९८१ साली टाटा कंपनीचं टीआरडीडीसी हे संशोधन केंद्र सुरू झालं. त्याच वर्षी ‘फाउंडेशन्स ऑफ सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी अँड थिऑरेटिकल कॉम्प्युटर सायन्स’ ही भारतातली परिषद सुरू झाली. ती १९८७ आणि १९८८ अशी लागोपाठ दोन वर्षं पुण्यात भरली. ‘इंडिया सॉफ्टवेअर इंजिनिअरिंग कॉन्फरन्स’, म्हणजे आयसेक, २००८ साली हैदराबादला सुरू झाली. २००९ ला ती पुण्यात होती, २०१६ ला गोव्यात, २०१९ ला पुन्हा पुण्यात. आणि मूळ परिषद, इक्सी, २०१४ साली हैदराबादला आली. भारतात ती पहिल्यांदाच. तिचे अध्यक्ष होते प्रा. पंकज जलोटे.

याचं फळ काय? एकच सांगतो. प्रोग्राम बरोबर आहे की नाही, हे आपोआप तपासणाऱ्या साधनांची दरवर्षी एक आंतरराष्ट्रीय स्पर्धा होते. तिच्या एका मुख्य विभागात २०१९ आणि २०२० ला पुण्याच्या टीसीएस रिसर्चचं ‘व्हेरिअ‍ॅब्स’ पहिलं आलं. मुंबईच्या आयआयटीत प्रा. उदय खेडकर आणि प्रा. अमिताभ सन्याल यांनी प्रोग्राममधली माहिती कुठून कुठे वाहते, याच्या विश्लेषणावर मोठं काम केलंय, ग्रंथ लिहिलाय. म्हणजे हे सगळं परदेशातच चालतं असं नाही.

पण मंडळी, पुण्यात आणि हैदराबादला परिषद झाली तर बीडच्या माणसाला त्याचं काय?

ई-पीक पाहणी घ्या. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर सुरू झाली. शेतकऱ्यानं स्वतःच्या शेतात उभं राहून मोबाइलवर पिकाचा फोटो घ्यायचा, नोंद सातबाऱ्यावर जाते. हेतू चांगला आहे. पूर्वीची पाहणी पुष्कळदा चावडीत बसून व्हायची, हे आपण जाणतो. आता जॅक्सन यांची तीन वाक्यं लावून बघा. गरज अशी, की सातबाऱ्यावर खरं पीक लागावं. यंत्राला हुकूम असा, की शेताच्या जागेवरून आलेला फोटो घे. आणि गृहीतक? शेतकरी त्या दिवसांत शेतावर आहे, त्याच्याकडे स्मार्टफोन आहे, शिवारात रेंज आहे. आपल्या जिल्ह्यातली लाखो माणसं दिवाळीच्या आगेमागे ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. रब्बीची नोंद थंडीच्या दिवसांत होते. कोयता कोल्हापूरकडे आणि शेत पाटोद्याला. तिसरं वाक्य इथे खोटं होतं. शेतकऱ्याची मुदत संपल्यावर सहाय्यकानं राहिलेली नोंद करायची, अशी सोय आता त्यात आहे. ही सोय म्हणजे उपाधी ओळखल्याची खूण. पण अशा सोयी आधी सुचतात की नुकसान झाल्यावर, यात सगळा फरक आहे. ज्याच्या सातबाऱ्यावर पीक लागलं नाही, त्याला मदत मागताना किती फेऱ्या पडतात ते तुम्हाला सांगायला नको.

आणि याहून गंभीर बाजू आहे. ब्रिटनमध्ये पोस्ट ऑफिसनं होरायझन नावाची हिशेबाची संगणक-प्रणाली आणली. ती शाखांच्या हिशेबात तूट दाखवू लागली. शाखा चालवणारे म्हणाले, आम्ही पैसे घेतले नाहीत. वरून उत्तर आलं, संगणक असं सांगतो. १९९९ ते २०१५ या काळात ९०० हून अधिक लोकांना चोरी, खोटा हिशेब अशा आरोपांखाली दोषी ठरवलं गेलं. काही तुरुंगात गेले, काहींनी घरं विकून तूट भरली. २०१९ साली उच्च न्यायालयानं म्हटलं, प्रणालीत दोष होते. २०२१ ला अपील न्यायालयानं एकदम ३९ जणांची शिक्षा रद्द केली. शेवटी २०२४ मध्ये संसदेला कायदा करून उरलेल्यांना दोषमुक्त करावं लागलं. तिथलं न्यायालय संगणक नीट चालतो असं गृहीत धरत होतं, आणि तो चुकला हे सिद्ध करण्याचा भार ज्याच्याकडे प्रणालीची आतली माहितीच नाही, त्या माणसावर पडत होता.

न्यायशास्त्रात शब्दाला प्रमाण मानलंय, पण कोणाच्या? आप्ताचा शब्द. आप्त म्हणजे ज्याला विषयाचं यथार्थ ज्ञान आहे आणि जो ते जसंच्या तसं सांगतो. संगणक खोटं बोलत नाही हे कबूल, पण त्याला यथार्थ ज्ञान आहे का, हा प्रश्न प्रत्येक वेळी विचारावा लागतो. ‘कॉम्प्युटरवर असं दिसतंय’ हे वाक्य खिडकीपलीकडून आलं, की आपण मान खाली घालून परत येतो. ते वाक्य म्हणजे चौकशीची सुरुवात असायला हवी.

प्रश्नोत्तरांतून

*प्रश्न : आता एआय प्रोग्राम लिहितो. मग हे सगळं जुनं झालं का?*

लिहिणं स्वस्त झालं, बरोबर आहे हे ठरवणं स्वस्त झालं नाही. उलट ते वाढलं. पूर्वी लिहिणाऱ्याला विचारता यायचं, की बाबा, हे असं का केलंस? आता विचारलं तर छान उत्तर येतं, पण ते उत्तर बरोबर कशावरून, हा प्रश्न पुन्हा उरतोच. इक्सीमध्ये सध्या यावर भरपूर निबंध येतात, ते यामुळेच.

*प्रश्न : आमच्या कॉलेजातल्या मुलांना यात शिरता येईल का?*

जरूर. बरेच संशोधक आपले निबंध मोफत उपलब्ध करून देतात, ते वाचा. आणि प्रोजेक्ट शहरातून विकत आणू नका. तहसीलमधला एखादा ऑनलाइन अर्ज घ्या. त्याची तीन वाक्यं लिहा, गरज, हुकूम आणि गृहीतक. मग आठवडाभर त्या खिडकीजवळ थांबा आणि ज्यांचा अर्ज अडला त्यांना का अडला ते विचारा. तिसऱ्या वाक्याची यादी आपोआप तयार होईल. ती नीट लिहून काढलीत, तर पुण्या-मुंबईच्या संशोधकालाही ती सहज मिळणार नाही, कारण तो त्या खिडकीपाशी उभा नसतो. तुम्ही असता.