वेअरडेलच्या खाणकऱ्यांची माहेरं

इंग्लंडच्या ईशान्येला डरहॅम परगणा आहे. तो कोळशासाठी प्रसिद्ध, पण त्याच्या पश्चिम टोकाला, वेअर नदी उगम पावते त्या डोंगराळ भागात, कोळसा नव्हे तर शिसं निघायचं. ही वेअरडेलची दरी. चढावर दगडी कुंपणं, त्यांत मेंढ्या, चार-पाच घरांच्या वाड्या. इथल्या माणसांची वंशावळ शोधायला बसलं की पहिल्याच दिवशी नावं आडवी येतात. एमरसन, फेदरस्टोन, पिअर्ट, वॉटसन अशी मोजकी आडनावं, आणि थोरल्या मुलाला बरेचदा आजोबांचं नाव. त्यामुळे प्रत्येक पिढीत जॉन, जोसेफ आणि थॉमस. एकाच वाडीत एकाच वयाचे दोन-तीन जॉन फेदरस्टोन, सगळेच खाणकरी. यातला आपला कोणता?

न्यूकॅसलला राहायला आले तेव्हा शेजारच्या वयस्कर बाईंमुळे मला हा नाद लागला. त्यांचे पूर्वज वेअरडेलचे. त्यांच्याकडे पणजीचा विवाहदाखला होता आणि मला जुने कागद वाचायची हौस. तेव्हापासून या दरीचे कागद माझ्या टेबलावरून हललेले नाहीत.

इतिहास थोडक्यात सांगते. डोंगरातल्या चुनखडीत शिशाच्या खनिजाच्या शिरा. खनिजावरचा हक्क डरहॅमच्या बिशपचा. त्याच्याकडून खाणी भाडेपट्ट्याने घेतल्या ब्लॅकेट घराण्याने, पुढे त्यांचे वारस बोमाँट यांनी. डोंगरापलीकडे ऑल्स्टन मूर आणि टीसडेलमध्ये क्वेकर पंथीयांची लंडन लेड कंपनी. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात परदेशी शिसं स्वस्तात येऊ लागलं, भाव कोसळले आणि 1880 च्या दशकात दरी रिकामी होऊ लागली. माणसं खालच्या कोळसाखाणींत, लँकशरच्या गिरण्यांत, अमेरिकेत आणि ऑस्ट्रेलियात गेली.

आता माझ्या लाडक्या कागदांकडे येते. इंग्लंडमधल्या चर्चच्या नोंदवह्या 1538 पासूनच्या. पण त्यातली बाप्तिस्म्याची नोंद अगदी कंजूष असते. मुलाचं नाव, बापाचं नाव, तारीख, फार तर आईचं पाळण्यातलं नाव. आई कुठली, कुणाची लेक, हे लिहायची कुणाला गरज वाटली नाही. मग 1791 मध्ये शूट बॅरिंग्टन डरहॅमचा बिशप झाला. यॉर्कमधल्या विल्यम डेड नावाच्या पाद्र्याने 1770 च्या दशकात सविस्तर नोंदींची पद्धत सुरू केली होती. तिच्याच धर्तीवर बॅरिंग्टनने आपल्या धर्मप्रांतात 1798 पासून नव्या वह्या घालून दिल्या. त्या 1812 अखेरपर्यंत चालल्या. वंशावळ शोधणारे त्यांना बॅरिंग्टन रजिस्टर म्हणतात. माझ्या मते इंग्लंडमधल्या गरीब माणसांबद्दल इतकी मोलाची नोंद नावानिशी जनगणना सुरू होण्याआधी दुसरी नाही.

एका ओळीत काय काय असतं पाहा. मुलाचं नाव आणि तो कितवा मुलगा. जन्माची तारीख वेगळी, बाप्तिस्म्याची वेगळी. बापाचं नाव, धंदा, राहती वाडी आणि तो मूळ कुठल्या पॅरिशचा, म्हणजे कुठल्या चर्चच्या हद्दीतला. मग आईचं नाव, तिचं माहेरचं आडनाव आणि तिचं मूळ गाव. दफनाच्या नोंदीतही बाईचं माहेर आणि आईबापांची नावं सापडतात. म्हणजे तीन जॉन फेदरस्टोनांचा गुंता एका झटक्यात सुटतो, कारण तिघांच्या बायका वेगळ्या घरच्या आणि त्यांची घरं कागदावर आहेत. ‘तिसरा मुलगा’ वाचलं की आधीचे दोन शोधायला हवेत हे कळतं. त्यातला एखादा दफनाच्या वहीत सापडतो, वय काही आठवडे.

माझा जीव या माहेरच्या आडनावांवर आहे. आपल्याकडच्या जुन्या वंशावळी पाहाव्यात, तर खोडापासून शेंड्यापर्यंत बहुतेक पुरुषांचीच नावं असतात. कुणाच्या सुना कुठून आल्या याचा मागमूस नसतो. बॅरिंग्टनच्या वह्यांमुळे वेअरडेलच्या निरक्षर खाणकऱ्याच्या निरक्षर बायकोचं माहेर दोनशे वर्षांनंतरही सापडतं. पंधरा वर्षांच्या नोंदी एकापुढे एक लावल्या की कुठल्या वाडीतल्या मुली कुठे दिल्या जात याचा नकाशाच तयार होतो. बऱ्याच शेजारच्या वाडीतल्या, आणि काही थेट डोंगर ओलांडून आलेल्या. ऑल्स्टन तेव्हा कंबरलंड परगण्यात असलं तरी धर्मप्रांत डरहॅमचाच, म्हणून तिथल्या वह्याही अशाच भरगच्च. 1813 मध्ये कायद्याने सगळ्या देशासाठी छापील नमुना आला आणि त्यात आईच्या माहेराला रकानाच नव्हता. इतकी चांगली पद्धत एका छापील तक्त्यापायी मोडली याचं मला आजही वाईट वाटतं.

शेजारच्या बाईंच्या पूर्वजांमधल्या एका आईची नोंद आम्ही मिळून वाचली. माहेरचं आडनाव आणि मूळ गाव आलं तसं त्यांनी कागदावर बोट ठेवलं आणि म्हणाल्या, “म्हणजे ही ॲलनडेलची होती तर!” त्या बाईचं नावसुद्धा त्यांच्या घरात कुणाला ठाऊक नव्हतं.

1837 च्या 1 जुलैपासून सरकारी जन्ममृत्यू नोंदणी आहे आणि जन्मदाखल्यावर आईचं माहेरचं आडनाव परत येतं. नावानिशी जनगणना 1841 पासून. पण 1841 मध्ये मोठ्यांची वयं पाचाच्या पटीत खाली ओढून लिहिली आहेत, म्हणून 49 वर्षांचा माणूस 45 चा दिसतो. 1851 पासून जन्मस्थळ आणि कुटुंबप्रमुखाशी नातं मिळतं. एक गोष्ट फारसं कुणी सांगत नाही. या गणना रविवारच्या रात्रीच्या आहेत. वेअरडेलचे कित्येक खाणकरी सोमवारी सकाळी आठवड्याचं खाणं पाठीवर टाकून डोंगरात जात आणि शुक्रवारी परतत. गणना बुधवारी झाली असती तर निम्मे बाप घरच्या यादीत सापडले नसते.

ते आठवडाभर कुठे राहत, हे मी किलहोपला पाहिलं. ऑल्स्टनच्या रस्त्यावर, सुमारे 2,000 फूट उंचीच्या खिंडीच्या अलीकडे ही खाण आहे. तिथलं लोखंडी पाणचक्र दहा मीटर व्यासाचं. गमबूट घालून, डोक्यावर दिवा लावून बोगद्यात शिरायचं. पायाखालून पाणी वाहत असतं आणि त्या पाण्याचा गारठा रबरातूनही आत येतो. बाहेर खाणकऱ्यांचं राहतं घर आहे, त्याला ते ‘शॉप’ म्हणत. खाली चूल, वर झोपायची खोली. 1842 आणि 1864 च्या सरकारी चौकशी समित्यांपुढे या घरांबद्दल साक्षी झाल्या. एकेका खाटेवर अनेक माणसं, मुलं पायथ्याशी आडवी, चुलीवर वाळणारे ओले कपडे आणि हवा येऊ न देणारी बंद खिडकी. माडीवर माझी मान वाकली होती आणि खाटा हाताच्या अंतरावर होत्या. त्यानंतर ‘शिशाच्या खनिजाची धुलाई करणारा, वय 12’ ही जनगणनेतली ओळ मी वेगळ्या नजरेने वाचते. ही मुलं उन्हापावसात उघड्यावर दगड फोडून पाण्यात चाळत. थोडी मोठी झाली की आत. दगडाची धूळ छातीत बसायची आणि कित्येक पुरुष पन्नाशीआधीच जायचे. पुढच्या गणनेत त्या घरापुढे ‘विधवा’ लिहिलेलं असतं.

याच माणसांनी खाणीतून निघालेले फ्लोरस्पार आणि क्वार्ट्झचे स्फटिक घरी आणून, लाकडी पेटीत आरसे आणि मेणबत्त्या लावून झगमगत्या गुहा उभ्या केल्या. या ‘स्पार बॉक्स’पैकी एखादा समोर उभं राहून पाहावा. हिरव्या-जांभळ्या स्फटिकांमध्ये रस्ते, घरं आणि दिवे. ज्यांच्या नशिबी दिवसभर काळोख, त्यांनी हे केलं.

बोमाँटच्या खाणकंपनीच्या वह्या आणखी एक दार उघडतात. वेअरडेलचे खाणकरी रोजावर नसत. चार-सहा जणांची टोळी एका शिरेचा तुकडा तीन महिन्यांच्या करारावर घेई. त्याला ‘बार्गेन’ म्हणत. मोबदला ‘बिंग’वर, म्हणजे सुमारे 400 किलो धुतलेल्या खनिजावर. दरमहा थोडी उचल मिळे आणि खरा हिशेब वर्षाअखेरीस होई. करारांच्या वह्यांत टोळीतल्या भागीदारांची नावं असतात. भाऊ, मेहुणे, सासरे-जावई एकत्र. बॅरिंग्टनच्या वहीतलं माहेरचं आडनाव हातात असलं की हे भागीदार कोण ते लगेच उलगडतं. बोमाँट कंपनीचे बरेच कागद नॉर्थम्बरलंडच्या दफ्तरखान्यात आहेत. 1845 ते 1871 या काळात कंपनीचा मुख्य कारभारी असलेल्या थॉमस सॉपविथने 168 खंडांची रोजनिशी लिहिली. पहिल्या महायुद्धातली सॉपविथ विमानं बनवणारा त्याचा नातू. मी त्या रोजनिशीत शिरले की दिवस संपतो आणि पूर्वज जिथल्या तिथे राहतात, म्हणून नवख्याने आधी नोंदवह्या संपवाव्यात असं मी सांगते.

दरीत मेथडिस्ट पंथाचा जोर मोठा. हाय हाउस चॅपेल 1760 चं, त्याला लागूनच वेअरडेल म्युझियम आहे आणि तिथे दरीतल्या कुटुंबांची माहिती गोळा केलेली आहे. चर्चच्या वहीत मूल सापडलं नाही तर मेथडिस्टांच्या वह्या पाहायच्या. मात्र लग्नं 1754 ते 1837 या काळात बहुतेकांना चर्चमध्येच लावावी लागत, म्हणून ती नोंद तिथेच. डरहॅमच्या पॅरिश वह्या ‘द स्टोरी’ या नव्या दफ्तरखान्यात, आणि बिशपकडे पाठवलेल्या प्रती डरहॅम विद्यापीठात. त्या प्रतींची छायाचित्रं घरबसल्याही पाहता येतात.

शेजारच्या बाईंची ॲलनडेलची पूर्वज मात्र अडून बसली आहे. ॲलनडेल वेअरडेलच्या डोंगरापलीकडे, खाणीही बोमाँटच्याच. पण ती पॅरिश हेक्सहॅमशरमध्ये येते आणि हेक्सहॅमशर 1837 पर्यंत यॉर्कच्या आर्चबिशपच्या खास अखत्यारीत होतं. बॅरिंग्टनचा हुकूम तिथे चालत नव्हता. डेडची पद्धत यॉर्कच्या आर्चबिशपने 1777 मध्ये उचलून धरली होती, पण ती पाळायची की नाही हे बरंचसं त्या त्या पाद्र्याच्या चिकाटीवर अवलंबून असे. ॲलनडेलच्या पाद्र्याने ती किती पाळली ते आता त्याच्या वहीतच पाहायचं. वही वाचायला आम्ही दोघी पुढच्या महिन्यात नॉर्थम्बरलंडच्या दफ्तरखान्यात जाणार आहोत.