नेट नेमकं अडतं कुठे?

स्पीड टेस्ट १०० एमबीपीएस दाखवते, तरी वीजबिलाचं पान उघडताना चाक गोल फिरत राहतं. मग घरात दोनच उपाय सुचतात : राउटर बंद करून चालू करणं, नाहीतर महागडा प्लॅन घेणं. पहिल्याचा कधीकधी उपयोग होतो. दुसऱ्याने बहुतेकदा फक्त बिल वाढतं.

स्पीड टेस्ट सांगते सेकंदाला किती डेटा येतो ते. एक निरोप जाऊन यायला किती वेळ लागतो, ही गोष्ट निराळी. पानाचं पहिलं अक्षर दिसण्याआधी ब्राउझर डीएनएसकडे पत्ता विचारतो, सर्व्हरशी जोडणी करतो, एन्क्रिप्शनची बोलणी उरकतो आणि मग पान मागतो. प्रत्येक वेळी एक तरी फेरी. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर धावतो. मुंबईहून न्यूयॉर्क सरळ रेषेत साडेबारा हजार किलोमीटर, म्हणजे येऊन-जाऊन किमान १२५ मिलिसेकंद. समुद्रातली केबल वळसे घेते, म्हणून प्रत्यक्षात त्याहून बरेच जास्त. हे अंतर कुठल्याच प्लॅनने कमी होत नाही. मोठ्या कंपन्या आपल्या पानांच्या प्रती मुंबईतल्या सर्व्हरवर ठेवतात त्या याचसाठी.

फेरीचा वेळ मोजणारा ‘पिंग’ हा छोटा प्रोग्रॅम माइक म्यूस यांनी १९८३ मध्ये लिहिला. आजही तपासाची सुरुवात त्यानेच करावी, आणि तीही घरातूनच : आधी स्वतःच्या राउटरला पिंग करायचं. उत्तर दोन-चार मिलिसेकंदांत येत असेल तर वाय-फाय ठीक. आकडा मध्येच शंभरावर उडत असेल, तर दोष भिंतींचा किंवा शेजाऱ्यांच्या वाय-फायचा. कंपनीच्या माणसाशी भांडण्यात अर्थ नाही.

पुढचा रस्ता दाखवतो ‘ट्रेसराउट’, व्हॅन जेकबसन यांचा. त्यात वाटेतले थांबे ओळीने दिसतात. मध्येच तारका दिसल्या की लोक घाबरतात, पण कित्येक राउटर अशा चौकशीला उत्तरच देत नाहीत. शेवटचा थांबा वेळेत बोलला, तर मधल्यांचं मौन मनावर घेऊ नये.

याच जेकबसन यांनी १९८६ मध्ये एक विलक्षण प्रकार पाहिला होता. बर्कलीची प्रयोगशाळा आणि तिथलं विद्यापीठ यांच्यात अंतर जेमतेम ४०० यार्ड. पण त्या जोडणीचा वेग सेकंदाला ३२ हजार बिटांवरून ४० बिटांवर कोसळला. तार शाबूत होती, गर्दीच एवढी झाली होती. त्यातून टीसीपीला, म्हणजे डेटा पोचवण्याच्या नियमावलीला, गर्दी ओळखून हात आखडता घेण्याची शिस्त लागली.

गर्दीचा आजचा अवतार घराघरांत आहे. कुणीतरी लग्नाचे व्हिडिओ अपलोड करायला लावतं आणि शेजारच्या खोलीतला व्हिडिओ कॉल अडखळू लागतो. राउटर पॅकेट टाकून न देता लांबच लांब रांगेत साठवत बसतो. याला ‘बफरब्लोट’ म्हणतात. ओळखायची रीत सोपी : अपलोड चालू असताना पिंग पाहा. २० चे ५०० झाले, तर रोग सापडला. काही राउटरांत ही रांग आटोक्यात ठेवणारी ‘एसक्यूएम’ नावाची सोय असते; ती चालू करणं प्लॅन बदलण्यापेक्षा कितीतरी गुणकारी.

आणि पिंग उत्तम, तरी पान हलत नाही? कॉम्प्युटरवर एफ१२ दाबून ‘नेटवर्क’ विभागात पाहा. पहिल्याच पट्टीत वाट पाहण्याचा वेळ लांबलचक असेल, तर बहुधा सर्व्हरच दमलेला आहे. दहावीच्या निकालाच्या दुपारी होतं ते हेच. तेव्हा राउटरला हात लावू नका, आणि सारखं रिफ्रेशही करू नका. प्रत्येक रिफ्रेश म्हणजे त्या सर्व्हरच्या दारात आणखी एक मागणी.