पैशाची चिंता आणि थकलेला मेंदू

तानसा जलवाहिनीलगतची घरे पाडल्यावर २०१७पासून अनेक कुटुंबे माहुलला आली. कामधंदा लांब पडला, रिफायनऱ्यांशेजारी औषधपाण्याचा खर्च वाढला. २०१९मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने अन्यत्र राहण्यासाठी दरमहा १५ हजार रुपये भाडे देण्याचा आदेश दिला.

अशा ओढाताणीत झोप उडते, चिडचिड होते, साधा हिशेब चुकतो. हा स्वभावदोष नव्हे. २०१३मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात तमिळनाडूतील ऊस उत्पादक शेतकरी तोडणीआधीच्या तंगीत बुद्धिचाचण्यांत मागे पडले. पैसे हाती आल्यावर तेच शेतकरी सुधारले.

म्हणून देणी मनात घोळवू नका, कागदावर उतरवा. नवे कर्ज रात्री, घाईत ठरवू नका. घरच्यांशी बोला. झोप किंवा भूक हरपली, तर ‘टेलि-मानस’ची १४४१६ ही मोफत हेल्पलाइन आहे.